डॉक्युमेंटेशन वाचून झाल्यावर

सप्रेम नमस्कार,

"सगळं डॉक्युमेंटेशन वाचलं, तरी हात चालत नाही. मी या कामाला मंद आहे का?" असं तू विचारलंस. नाही, मंद नाहीस. पण एवढ्यावर पत्र संपवलं तर तुला ते पटायचं नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आधी माझीच फजिती ऐक. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करायला लागून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, फार रेंगाळत होती, म्हणून भर दुपारी चालू टेबलवर मी साधं 'क्रिएट इंडेक्स' दिलं, म्हणजे नोंदी पटकन शोधून देणारी सूची बांधायला सांगितलं. टेबल मोठं होतं. इंडेक्स बांधून होईपर्यंत त्यात एकही नवी नोंद जाईना. वाचन मात्र सुरळीत चालू होतं, त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे हे कळायलाही वेळ गेला. संध्याकाळी डॉक्युमेंटेशन उघडलं तर सगळं तिथे लिहिलेलंच होतं. साधी बांधणी टेबलवरचं लिहिणं अडवते, 'कन्करंटली' हा शब्द जोडला की अडवत नाही. चूक माझीच.

पुढच्या वेळी शहाणपणाने 'कन्करंटली' लिहिलं, तर मायग्रेशनच, म्हणजे डेटाबेसच्या रचनेत बदल लागू करणं, मोडलं. आमचं मायग्रेशन टूल प्रत्येक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्यात) गुंडाळायचं, आणि ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या आत चालतच नाही. ते गुंडाळणं बंद केलं. मग बांधणी सुरू झाली ती संपेचना. कुणाचं तरी जुनं ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं होतं आणि माझा इंडेक्स ते मिटण्याची वाट बघत बसला होता. वैतागून कमांड रद्द केली आणि विषय मिटला असं समजले. काही महिन्यांनी लक्षात आलं की तो अर्धवट इंडेक्स 'इनव्हॅलिड' असा शिक्का कपाळावर घेऊन तिथेच पडून आहे. क्वेरीला त्याचा उपयोग शून्य, पण टेबलवर लिहिताना त्याचा भार सोसावा लागतोच.

यातली एकही गोष्ट कुणी लपवून ठेवलेली नव्हती. बहुतेक पोस्टग्रेसच्या पानांवर होत्या, एक मायग्रेशन टूलच्या पानावर. नव्हतं ते एवढंच, की 'चालू टेबलवर इंडेक्स घालायचा आहे' अशा मथळ्याचं एक पान. आधी काय तपासायचं, मग कोणती कमांड, ती अडकली तर कुठे बघायचं, फसली तर मागे काय उरतं आणि ते कसं झाडून काढायचं, हे सगळं एका ओळीत मांडलेलं. संदर्भाची पानं कमांडच्या नावाने लावलेली असतात आणि आपल्यासमोर असतं ते काम. शिवाय माझी दुसरी फजिती दोन साधनांच्या सांध्यावर झाली होती. सांध्यावरचं लिहिणं या घराचंही काम नसतं आणि त्या घराचंही नसतं.

साधनं बनवणारे हे का लिहीत नाहीत? आळस हे कारण क्वचितच असतं. एक तर त्यांना इतकं माहीत असतं की कुठे ठेच लागते ते त्यांना दिसेनासं होतं. दुसरं म्हणजे, हे लिहायचं तर बाजू घ्यावी लागते. 'हा पर्याय असं करतो' एवढं लिहून कुणी अडचणीत येत नाही. 'हा पर्याय वापरू नका' असं लिहिलं की जबाबदारी आली. गिटचंच बघ, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं. लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली ते लिहिलं लिनक्स कर्नलच्या विकासासाठी, जिथे ईमेलवरून आलेले पॅच (बदलांचे तुकडे) पारखून घेणाऱ्यांची उतरंड असते. पाच जणांच्या चमूने ब्रँच, म्हणजे कामाच्या समांतर वाटा, कशा ठेवाव्यात यावर गिट स्वतः फारसं बोलत नाही, आणि तिथेच तुझ्यासारखा माणूस अडतो. 'चेकआउट' ही एकच कमांड ब्रँचही बदलायची आणि फाइलमधले न जपलेले बदलही निमूट पुसायची. 'स्विच' आणि 'रिस्टोर' अशी तिची वाटणी झाली 2019 मध्ये, 2.23 आवृत्तीत. मधली चौदा वर्षं लोक शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारून शिकले. ज्याच्या शेजारी कुणी नव्हतं त्याने काय केलं असेल, कोण जाणे.

डॅनिएले प्रोसिडा यांनी तांत्रिक लेखनाची चार खात्यांत विभागणी केली आहे. नवख्यासाठी धडे, ठरावीक कामाच्या कृती, संदर्भ आणि विवेचन. विभागणी मला पटते. पण मी ज्या पानाबद्दल बोलते आहे त्यात कृती आणि विवेचन एकमेकांत मुरलेलं लागतं. कारण वगळून नुसती कृती दिली की तिचा विधी होतो, आणि विधी फार लवकर उलटतो.

याचा नमुना देते. "फोर्स पुश करू नकोस, फोर्स-विथ-लीज वापर" हा सल्ला तुलाही कुणीतरी दिलाच असेल. फोर्स पुश म्हणजे रिमोटवरची, म्हणजे सामायिक सर्व्हरवरची, ब्रँच आपल्या प्रतीने जबरदस्तीने बदलणं. सल्ला चांगला आहे. त्यामागचं कारण असं की हा पर्याय पुश करण्याआधी तपासतो, रिमोटवरची ब्रँच तू शेवटची पाहिलीस तिथेच आहे ना. मध्ये कुणी भर घातली असेल तर पुश नाकारतो. पण 'तू शेवटची पाहिलीस' हे गिट ठरवतं तुझ्याकडच्या नोंदीवरून, आणि पुष्कळ एडिटर मागच्या मागे फेच करून (रिमोटवरचं नवं आणून) ती नोंद ताजी करत राहतात. तू काही पाहिलेलं नसतं, गिटला मात्र वाटतं पाहिलं. तपासणी बिनबोभाट पार पडते आणि सहकाऱ्याचं कमिट, म्हणजे जपलेला बदल, ब्रँचवरून गायब होतं. यावर उपाय म्हणून गिटच्या 2.30 आवृत्तीत 'फोर्स-इफ-इन्क्लुड्स' हा जोडपर्याय आला. ज्याला पहिल्या सल्ल्याचं कारण माहीत आहे त्याला हे भोक स्वतःच दिसू शकतं. ज्याने नुसता सल्ला पाठ केला तो निर्धास्त असतो, आणि निर्धास्त माणसाचं फोर्स पुश फार महागात पडतं.

सल्ले शिळेही होतात. सी++चे प्रकल्प बांधायला वापरतात त्या सीमेकचे जुने धडे इन्क्लुडच्या वाटा (हेडर फाइल कुठे शोधायच्या ते पत्ते) साऱ्या प्रकल्पाला एकदम लावायला सांगतात. आता हे प्रत्येक टार्गेटपुरतं (बांधायच्या एकेका प्रोग्रॅम वा लायब्ररीपुरतं) लिहायचं आणि ते पब्लिक, प्रायव्हेट की इंटरफेस, म्हणजे कुणाकुणाला लागू, हेही सांगायचं, अशी रीत आहे. जुने धडे त्या काळी खोटे नव्हते, पण त्यांच्या माथ्यावर आवृत्ती लिहिलेली नसते. तू म्हणशील, आता विचारलं की यंत्र उत्तर देतं. देतं की. पण तेही कुणीतरी लिहून ठेवलेल्यावरच शिकलेलं असतं, आणि अशा ठिकाणी बरेचदा जुनं-नवं एकत्र कालवून वाढतं.

तेव्हा असं पान तूच लिही. आत्ताच लिही, कारण अडायला कुठे झालं हे तुला अजून आठवतं. रिबेसची (गिटमध्ये आपली कमिट्स दुसऱ्या पायावर नव्याने रचण्याची) मला पूर्वी भीती का वाटायची हे आज मला आठवूनही सांगता येत नाही, म्हणून त्यावर मी लिहिलेलं पान तुझ्या कामाचं नसेल.

लिहिताना एक गोष्ट सांभाळ. सल्ला कुठे लागू नाही तेही लिही. चार-पाच हजार ओळींच्या टेबलवर साधी बांधणी डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. तिथे 'कन्करंटली' म्हणजे टेबल दोनदा चाळण्याचा उगाचचा सोपस्कार. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या साऱ्या सामानासह डब्यात भरणाऱ्या साधनात, 'आधी अवलंबनांची यादी कॉपी करा, ती इन्स्टॉल करा, मग कोड आणा' असं सगळे सांगतात. त्यामागे लेयरची कॅश, म्हणजे आधी बांधलेले थर जपून ठेवणं, आहे, यादी बदलली नाही तर इन्स्टॉलचा टप्पा पुन्हा चालत नाही. जिथे यादीच रोज बदलते तिथे या क्रमाचा फायदा नावापुरता. हे लिहिलं नाहीस तर पुढचा माणूस फायदा का मिळत नाही म्हणून दिवसभर डोकं आपटेल.

आणि दोष लिहायला लाजू नकोस. 1971 सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये कमांडच्या पानाखाली 'बग्ज' असं एक सदर होतं, आमचं हे इथे चुकतं असं उघड सांगणारं. मला ती पद्धत फार आवडते. नंतरच्या कितीतरी गुळगुळीत डॉक्युमेंटेशनमध्ये तेवढा मोकळेपणा दिसत नाही.

कशावर लिहू, असं विचारू नकोस. तुझ्या पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलं आहेस की रिबेसमध्ये तीन दिवसांचं काम गेलं आणि रीफ्लॉगमधून, म्हणजे ब्रँच आधी कुठे कुठे होती त्याच्या गिटच्या नोंदवहीतून, परत आलं. तेच लिही. कोणती कमांड दिलीस, काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, रीफ्लॉगपर्यंत कसा पोचलास. हेही त्यात येऊ दे की रीफ्लॉग फक्त तुझ्याच मशीनवर असतो, कुठल्याच ब्रँचशी धागा न उरलेल्या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे 30 दिवसांनी साफसफाईत जाऊ शकतात, आणि कधी कमिटच न केलेलं काम तिथे सापडत नाही. माथ्यावर गिटची आवृत्ती आणि तारीख टाक. रविवारपर्यंत कच्चा मसुदा पाठव, शुद्धलेखन बघत बसू नकोस. जिथे तू 'मग अर्थातच' असं लिहिलं असशील तिथे मी लाल खूण करीन, आणि बहुधा तिथेच तुझी एखादी पायरी गाळलेली असेल.

तुझी,
मावशी