चार जणांच्या टीमने नवीन वेब ॲप मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकींशी बोलणाऱ्या छोट्या सर्व्हिसेसमध्ये, करावं का? सर्व्हिसेसमध्ये रेस्ट (थेट विचारून उत्तरासाठी थांबणं) वापरावं की क्यू (काम रांगेत टाकून पुढे जाणं)?

नका करू. चार माणसं, एक प्रॉडक्ट, ग्राहक अजून यायचेत. एक ॲप्लिकेशन आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस पुरे.

2018 मध्ये पुण्यात आम्ही पाच जण एका फराळवाल्या दुकानाची साइट सांभाळायचो. सगळं जँगो या वेब फ्रेमवर्कवरच्या एका ॲपमध्ये होतं. नवे आर्किटेक्ट आले आणि त्याच्या सात सर्व्हिसेस झाल्या. ऑर्डर वेगळी, स्टॉक वेगळा, दोघांचे डेटाबेस वेगळे. मी मीटिंगमध्ये विचारलं, ऑर्डर लागणं आणि स्टॉक कमी होणं आज एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतं (दोन्ही होतात, नाहीतर एकही नाही), उद्या मध्येच काही अडकलं तर रोलबॅक, म्हणजे झालेला बदल मागे घेणं, कोण करणार? उत्तर आलं, "मोनोलिथ आता कोणी करत नाही." मोनोलिथ म्हणजे सगळं एकाच ॲपमध्ये.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परदेशी पार्सलांचं बुकिंग उघडलं. स्टॉक सर्व्हिस बंद पडली नाही, नुसती मंदावली, आणि तेच जास्त वाईट. ऑर्डर सर्व्हिस तीन सेकंद थांबायची, टाइमआउट व्हायची, तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची. तिकडे पहिलीही उशिरा का होईना पूर्ण व्हायची. एका ऑर्डरमागे दोन-तीन डबे वजा. रात्री दहाला साइटवर चकली, अनारसे, सगळं 'संपलं', आणि गोदामात डब्यांच्या थप्प्या. मालकीणबाईंचा फोन आला, "अहो, माल माझ्या डोळ्यांसमोर आहे, साइट नाही कशी म्हणते?" पहाटे चारपर्यंत मी दोन्हीकडच्या नोंदी हाताने जुळवत होतो.

रिक्वेस्टला आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तर ओळखता येईल अशी खूण) लावायला हवी होती, हे मान्य. पण दोन्ही टेबलं एका डेटाबेसमध्ये असती, तर दोन्ही बदल एकत्र कमिट (पक्के) झाले असते, नाहीतर एकत्र रोलबॅक. मधे नेटवर्कच नसतं.

सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरने जेम्स लुईससोबत 2014 मध्ये मायक्रोसर्व्हिसेसवर तो गाजलेला लेख लिहिला. त्याच फाउलरने 2015 मध्ये लिहिलं की सुरुवात मोनोलिथनेच करा. आमच्या त्या मीटिंगच्या तीन वर्षं आधी! 2023 मध्ये ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमने स्ट्रीमच्या दर्जावर लक्ष ठेवणारी यंत्रणा तुकड्यांतून एका प्रोसेसमध्ये आणली आणि तिचा खर्च 90 टक्क्यांहून जास्त उतरला. 'कोणी करत नाही' म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

रेस्ट की क्यू: उत्तर लगेच हवं असेल तिथे रेस्ट, ईमेल-इनव्हॉइससारख्या कामांना क्यू. मोनोलिथमध्येही ईमेलला क्यू लावाच.

आणि हो, शंभर डेव्हलपर असतील, टीम एकमेकींच्या रिलीजसाठी खोळंबत असतील, किंवा एखाद्याच भागाला बाकीच्यांच्या कैक पट सर्व्हर लागत असतील, तर तो भाग वेगळा काढणं योग्यच. तोवर कोडमध्येच मॉड्यूल नीट पाडा. ऑर्डरच्या कोडने स्टॉकच्या टेबलला थेट हात लावायचा नाही, स्टॉक मॉड्यूलचं फंक्शनच बोलवायचं. आम्ही पुढच्या दसऱ्याआधी ऑर्डर आणि स्टॉक परत एका डेटाबेसमध्ये आणले, ते याच पद्धतीने.