प्रूफ म्हणजे चकचकीत नाणं नव्हे

प्रश्न: जुनं नाणं पॉलिश करून आरशासारखं चमकवलंय, आता ते प्रूफ म्हणून विकता येईल का?

उत्तर: नाही हो, आणि प्लीज पुन्हा पॉलिश करू नका! प्रूफ ही नाण्याची कंडिशन नाही, ती नाणं पाडायची पद्धत आहे, म्हणजे खास चकचकीत केलेला ठसा नि तयार केलेली चकती घेऊन सहसा एकापेक्षा जास्त वेळा दाब देतात, म्हणून अक्षरं अशी धारदार उठतात. असं पाडलेलं नाणं खिशात फिरून झिजलं तरी प्रूफच, फक्त झिजलेलं. तुमचं नाणं भिंगाखाली तिरक्या उजेडात धरा, पॉलिशचे बारीक ओरखडे दिसतील. टांकसाळीतली मूळ झळाळी नाणं हलवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, ती एकदा घासली गेली की परत येत नाही, फार जीव हळहळतो बघा.