सेरामपूरची बी.डी. कोणत्या अधिकाराने दिली जाते?

आपण विचारले आहे की, आपला भाचा पुण्यातल्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या संस्थेत) बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे ईश्वरविज्ञानाची पदवी) करतो आहे, मग पदवी बंगालमधल्या सेरामपूरची कशी, आणि चर्चच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार कोणी दिला. माझ्या वडिलांनीही पुण्यातच ईश्वरविज्ञान शिकून सेरामपूरची पदवी घेतली. ते प्रमाणपत्र भिंतीवर पाहून नातेवाईक त्यांना साखर कारखान्यांच्या श्रीरामपुरात शिकलेले समजत. त्यामुळे हा खुलासा मी लहानपणापासून करत आलो आहे.

हे सेरामपूर हुगळी नदीच्या काठी, कोलकात्याच्या वरच्या अंगाला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी मार्शमन व वॉर्ड यांनी 1800 साली तेथे बस्तान बसवले. समोरच्या तीरावर बराकपूर, म्हणजे कंपनीची छावणी. नदी हीच काय ती सरहद्द. गंमत अशी की केरी हेच नदीमार्गे कोलकात्याला जाऊन कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठीही शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण 1805 साली निघाले आणि वैद्यनाथ पंडितांच्या साह्याने केलेला कोश 1810 साली मोडी टायपात छापला गेला.

या तिघांनी 1818 साली कॉलेज काढले, ते केवळ ख्रिस्ती मुलांसाठी नव्हते, आणि त्यात संस्कृत व पाश्चात्त्य विज्ञान हे दोन्ही शिकवायचे होते. पुढे मार्शमन कोपनहेगनला गेले आणि 1827 साली राजा सहावा फ्रेडरिक याने कॉलेजला सनद दिली. त्या सनदेने कोपनहेगन आणि कील या विद्यापीठांच्या तोडीच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. कील त्या वेळी डॅनिश राजाच्याच अमलाखाली होते. म्हणजे मुंबई, कोलकाता आणि मद्रास ही विद्यापीठे स्थापन होण्याच्या तीस वर्षे आधी हा अधिकार भारतातल्या एका कॉलेजकडे आला होता. डेन्मार्कने 1845 साली सेरामपूर इंग्रजांना विकले, तेव्हा तहातच कॉलेजचे हक्क अबाधित ठेवले गेले.

तरीही पहिली बी.डी. दिली गेली ती 1915 साली, म्हणजे सनदेनंतर 88 वर्षांनी. माझ्या मते या कहाणीतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग हाच आहे. वॉर्ड, केरी आणि मार्शमन 1837 पर्यंत निवर्तले होते आणि पैशाची ओढाताण होती. शिवाय 1857 नंतर नोकरीच्या बाजारात किंमत होती ती कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीला, त्यामुळे सेरामपूरही त्याच विद्यापीठाशी संलग्न झाले. ही सरकारी विद्यापीठे लंडनच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून उभी राहिली होती आणि धर्माबाबत तटस्थ राहण्याचे सरकारचे धोरण असल्याने त्यांत ईश्वरविज्ञानाला जागा नव्हती. पाळकांचे प्रशिक्षण ज्याचे त्याने, आपापल्या मिशनच्या शाळेत करायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी ती निजलेली सनद पुन्हा जागी केली.

मात्र एकट्या बाप्टिस्टांच्या हातातली पदवी इतर चर्चना मानवणे कठीण होते. म्हणून 1918 साली बंगालच्या कायदेमंडळाने सेरामपूर कॉलेज अधिनियम (त्या वर्षीचा चौथा) संमत केला आणि त्याखाली वेगवेगळ्या चर्चचे प्रतिनिधी असलेले सिनेट नेमले गेले. सिनेटशी संलग्न सेमिनरी कुठेही असो, अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे काम सिनेटचे. म्हणून शिकवणी पुण्याची आणि पदवी सेरामपूरची. त्याच कॉलेजचे कला व विज्ञान विभाग मात्र आजही कलकत्ता विद्यापीठाला जोडलेले आहेत.

कॅथलिकांची व्यवस्था निराळी आहे. नगर रोडवरच्या पेपल सेमिनरीचे मूळ श्रीलंकेतल्या कँडी येथे 1893 सालचे, ती 1955 साली पुण्यात आली. तिचे विद्यार्थी शेजारच्या ज्ञानदीप या कॅथलिक उच्च शिक्षणसंस्थेत शिकतात आणि तेथील ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांचा अधिकार रोमकडून येतो.

आपल्या भाच्याला पुढे एखाद्या सरकारी विद्यापीठात एम.ए. किंवा पीएच.डी. करायची असेल, तर समकक्षतेचा निर्णय ते विद्यापीठ घेते. त्याने अर्ज भरण्याआधी तेथील पात्रता विभागाकडून लेखी उत्तर मागवावे आणि अर्जासोबत 1918 च्या अधिनियमाची प्रत जोडावी. वडिलांनी तसेच केले होते.