पोस्टर की वाढदिवसाचा फ्लेक्स?

प्रश्न : ताई, आम्ही सांगलीच्या मित्रांनी मिळून यूट्यूबसाठी पाच एपिसोडची वेबसिरीज केलीय, नाव ‘पेव’. हरिपूरच्या हळदीच्या एका जुन्या बंद पेवाची, म्हणजे जमिनीखालच्या कोठाराची गोष्ट आहे, थोडी भीतीची. पोस्टरवर सातही कलाकारांचे चेहरे घेतले, मागे आयर्विन पूल आणि आभाळ, वर पिवळ्या अक्षरात नाव. घरी दाखवलं तर आई म्हणाली, कुणाचा वाढदिवस आहे रे? काय चुकलं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आईंनी नेमकं ओळखलंय. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सगळे चेहरे लागतातच, एखादा राहिला तर तो रुसतो, कारण फ्लेक्स मान द्यायला लावलेला असतो. तुम्हाला मात्र अनोळखी माणसाला दोन सेकंद थांबवायचंय, आणि सात चेहरे एकाच मापाचे असले की नजर कुठंच टेकत नाही, अंगठा पुढं सरकतो. आधी काय दिसायला हवं आणि मग काय, हे ठरवल्याशिवाय मोबाइलवर ॲप उघडूच नका.

खरं तर तुमचं पोस्टर गोष्टीतच आहे हो! पेवाचं तोंड लहान, पोट मोठं, आत मिट्ट काळोख. आपण तळाशी बसून वर बघतोय असं समजा, सगळं पोस्टर काळं, वरच्या बाजूला उजेडाचा एक गोल आणि त्यातून वाकून बघणारं एकच डोकं, चेहरा नीट नाही दिसला तरी चालेल. काळी जागा रिकामी वाटते म्हणून तिथं पूलबिल काही भरू नका, भीती त्या जागेतच आहे. फक्त फोटोसाठी खऱ्या पेवात कुणी उतरू नका, आतली हवा खराब असते, माणूस गुदमरतो. धान्याच्या रिकाम्या कोठीत तळाला मोबाइल ठेवला तरी हा अँगल मिळतो.

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेची 2008 ची जाहिरात आठवा, गोष्टीत अख्खं कुटुंब आहे पण चित्रात वाळवंटात चड्डीवर उभा असलेला हातात पिस्तूल घेतलेला एकच मास्तर, बघणारा विचारणारच ना की याचं काय झालं. ‘मॅड मेन’ या दुसऱ्या अमेरिकन मालिकेवाल्यांनी 2012 मध्ये पाचव्या सीझनला पांढऱ्या कागदावर खाली पडणारा एक काळा माणूस आणि तारीख एवढंच ठेवलं, मालिकेचं नावसुद्धा नाही! पण ती आकृती लोकांनी टायटलमध्ये चार सीझन बघितलेली होती, तुम्हाला नाव लागणारच.

नावाचा पिवळा मात्र अजिबात बदलू नका, सांगलीच्या हळदीचाच रंग आहे तो, फक्त उजळ आभाळावर हरवलाय. काळ्यावर आणा, मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, तरीही नाव वाचता आलं तर जमलं. आणि इंग्रजी पोस्टर बघून अक्षरांत अंतर सोडू नका, आपली शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. ‘पे’ची मात्रा कापली जाऊ नये म्हणून वर जागा ठेवा. ग्लो, सावली, आउटलाइन सगळं काढा, ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ हे फॉन्ट फुकट मिळतात, त्यातला जाड घ्या. यूट्यूबचं थंबनेल आडवं असतं, तेव्हा उभं पोस्टर कापून बसवू नका, वेगळं करा.

आणि बाकीचे सहा जण? रोज एकाचं वेगळं पोस्टर टाका की, त्यांनाही बरं वाटेल.

प्रश्न : मोबाइलवर निळा रंग झळाळतो, फ्लेक्सवर मळकट येतो. दुकानदार फसवतोय का?
— एक वाचक, पोवई नाका, सातारा

उत्तर : नाही, स्क्रीन उजेडानं रंग दाखवते आणि मशीन शाईनं, झगझगीत निळा-हिरवा शाईत तेवढा उतरतच नाही. दुकानात फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत करून घ्या आणि मोठं छापायच्या आधी वीतभर तुकडा छापून उन्हात धरून बघा.