दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल उतरतंय? इंजिन खोलण्याआधी नीट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, रनिंग ६२,००० किमी, सर्व्हिसिंग दर १०,००० ला. मागच्या सर्व्हिसिंगनंतर ६,००० किमीत ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत आलं. पार्किंगमध्ये थेंब नाही, सायलेन्सरमधून धूर नाही, अ‍ॅव्हरेज पूर्वीसारखंच. शहरात रोजच्या पाच-सहा किलोमीटरच्या ऑफिसच्या फेऱ्यांत लेव्हल महिनाभर हलत नाही, आणि ताम्हिणीतून गावी जाऊन आलं की एकदम उतरलेली दिसते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात "नॉर्मल आहे", आणि ओळखीचा मेकॅनिक म्हणतो "रिंगा गेल्या, हाफ इंजिन करून टाकू", म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यात, इंजिन खोलून त्या बदलू.

माझं मत आधी सांगतो. या माहितीवर इंजिन खोलू नका. पण "नॉर्मल आहे" ऐकून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत बॉनेट बंद ठेवलंत तर तेही तितकंच चुकीचं ठरेल.

आधी हिशोब करू. छोट्या पेट्रोल इंजिनात डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण पाऊण ते एक लिटर असतं. म्हणजे तुमची गाडी १,००० किमीला अंदाजे १२५ ते १६५ मिली ऑइल खाते. आता कंपन्या काय म्हणतात ते बघा. स्कोडाच्या मॅन्युअलमध्ये १,००० किमीला अर्ध्या लिटरपर्यंत खप होऊ शकतो असं लिहिलेलं असतं, आणि टोयोटाच्या अनेक मॅन्युअलमध्ये तर एक लिटरची मर्यादा दिलेली असते. या आकड्यांपुढे तुमचा आकडा किरकोळ वाटेल. पण ही मर्यादा इंजिन तब्येतीत असल्याची खूण समजू नका. वॉरंटीत काम करून द्यायचं की नाही हे ठरवायला कंपनीने आखलेली ती रेषा आहे. तुमच्यासारख्या इंजिनात एकूण ऑइल तीन-साडेतीन लिटर. एक लिटरच्या मर्यादेत बसणारी गाडी ३,००० किमीतच चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, जवळजवळ कोरडा करेल, आणि सर्व्हिसिंग तर १०,००० ला. मधल्या काळात मालक ऑइल तपासेल आणि भरेल हे कंपनीने गृहीत धरलंय. आपल्याकडे ते कोणी नीट समजावून सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातंच. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (घासून काढलेल्या) बारीक तिरक्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात, कारण तिथे ऑइल धरून राहिलं तरच रिंगा घासल्या जात नाहीत. पिस्टन खाली जाताना ऑइल रिंग जादाचं ऑइल खरवडून काढते, पण पातळ थर मागे राहतो आणि त्यातला काही भाग जळतो. किती? सरासरी २,००० आरपीएम आणि ताशी ४० किमी धरा. १,००० किमीला २५ तास लागतात, तेवढ्यात चार सिलिंडर मिळून ६० लाख वेळा पेट्रोल पेटतं. १५० मिली ऑइल त्यात वाटलं तर एका वेळेला घन मिलिमीटरचा चाळिसावा भाग येतो. तुमच्या ६,००० किमीत रिकाम्या झालेल्या बाटलीचा अर्थ एवढा सूक्ष्म आहे. धूर न दिसण्याचं कारणही यातच आहे: इतकं थोडं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बऱ्यापैकी जाळून टाकतो. डोळ्याला निळा धूर दिसायला लागतो तेव्हा खप याच्या बराच पुढे गेलेला असतो.

याशिवाय काही ऑइल नुसत्या उष्णतेने वाफ होऊन जातं. ऑइलची नोआक नावाची चाचणी असते, त्यात ते २५०° सेल्सियसला तासभर तापवून किती उडालं ते वजनाने बघतात. अमेरिकेतल्या एपीआय या संस्थेच्या एसएन दर्जाच्या पातळ ग्रेडना १५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, युरोपातल्या वाहन कंपन्यांच्या एसीईए या संघटनेच्या बहुतेक दर्जांना १३. स्वस्त आणि चांगल्या ऑइलमधला फरक काही अंशी इथे दिसतो, कारण उडालेली वाफ ब्रीदरच्या (इंजिनातला वायू बाहेर काढणाऱ्या) नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गात, जाते आणि जळते.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा धागा: शहरात लेव्हल हलत नाही, गावाला जाऊन आलं की उतरते. बरेच जण यावरून "हायवेला गाडी ऑइल खाते" असा निष्कर्ष काढतात. ते अर्धंच खरं आहे. पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत इंजिन धड तापतही नाही. थंड इंजिनात मिश्रण जाड असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, न जळलेलं थोडं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, शिवाय पाण्याची वाफ आत थंड होऊन साचते. खाली ऑइल कमी होत असतं आणि वरून पेट्रोल-पाणी भर घालत असतं, म्हणून डिपस्टिकची पट्टी सांगते की सगळं जागच्या जागी आहे. मग तुम्ही सलग तीन-चार तास गाडी चालवता, ऑइल व्यवस्थित तापतं, पेट्रोल आणि पाणी उडून जातं, आणि दोन महिन्यांची तूट एका फेरीत समोर येते. त्या फेरीत खप थोडा वाढलेला असेलही, कारण आरपीएम जास्त, आणि घाट उतरताना इंजिन ब्रेकिंगमध्ये इनटेक मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम (हवेची ओढ) वाढून वॉल्व्ह सीलमधून (वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणाऱ्या रबरी सीलमधून) आणि रिंगांवरून ऑइल वर खेचलं जातं. पण सगळा दोष त्या एका फेरीवर टाकू नका.

याच कारणाने "माझी गाडी थेंबभरही ऑइल खात नाही" हे विधान मी सहजासहजी मानत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि शहरात ही सफाई (रीजनरेशन) वारंवार अर्धवट राहिली तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल वरच्या खुणेच्याही वर चढते. ते ऑइल पातळ झालेलं असतं. वाढलेली लेव्हल बघून खूश होऊ नका, ऑइल लवकर बदला.

मोजायचं कसं, ते सविस्तर सांगतो, कारण इथेच गोंधळ होतो. जागा एकच ठरवा, सपाट. वेळही एकच: सकाळी, गाडी सेल्फ मारण्याआधी. रात्रभरात सगळं ऑइल चेंबरमध्ये उतरलेलं असतं. मॅन्युअलमध्ये गरम इंजिन बंद करून काही मिनिटांनी बघा असं लिहिलेलं असेल तर तसं बघा, पण मग दर वेळी तसंच. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा आणि दोन्ही बाजू बघा. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसलं तर खालचं धरा, वरचं ऑइल नळीच्या भिंतीला लागून आलेलं असतं. बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरून घ्या आणि किलोमीटर लिहून ठेवा. हे मोजमाप लांबच्या फेरीनंतर सुरू करा आणि लांबच्या फेरीनंतरच संपवा, म्हणजे पेट्रोल-पाण्याचा घोळ दोन्ही टोकांना सारखा राहील. २,००० किमीनंतर परत त्याच खुणेपर्यंत भरा. किती गेलं ते बाटलीवरच्या रेघांवरून सांगू नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बाटली भरण्याआधी आणि नंतर ठेवा. इंजिन ऑइलचं लिटर साधारण ८५० ग्रॅम भरतं, म्हणजे १०० ग्रॅम गेलं तर अंदाजे ११८ मिली. असे तीन आकडे ओळीने मिळाले की तुमच्या हातात ठोस माहिती येते. तिन्ही १५० च्या आसपास असतील तर त्या गाडीची ती सवय आहे, बाटली डिकीत ठेवा आणि चालवा. १५०, २२०, ३५० अशी चढण असेल तर शोधाशोध सुरू करायची.

एक खबरदारी. सर्व्हिस सेंटरमधून गाडी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी जरूर बघा. बऱ्याचदा लेव्हल खुणेच्या वर भरलेली असते. जादा ऑइल क्रँकशाफ्ट घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून इनटेकमध्ये जातं आणि पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये "खप" प्रचंड दिसतो.

शोधाशोध स्वस्त गोष्टींपासून करा. पार्किंगमध्ये थेंब नाही एवढ्यावर गळती नाही असं होत नाही. इंजिनाखाली प्लॅस्टिकचं गार्ड असेल तर गळालेलं ऑइल त्यावरच साचतं, आणि काही गळती दाबाखाली, इंजिन चालू असतानाच होते. गार्ड उतरवून टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल फिल्टरची बूड, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं क्रँक ऑइल सील टॉर्च लावून बघायला सांगा. मग पीसीव्ही वॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधला वायू इनटेककडे सोडणारा छोटा वॉल्व्ह. हा किरकोळ किमतीचा भाग चिकटला की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि ऑइल नको तिथे ढकललं जातं. पेट्रोल गाडीत आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर पातळ प्लॅस्टिक पिशवी ठेवा. ती हलकी आत ओढली गेली पाहिजे. फुगून वर आली तर पीसीव्ही चोक आहे किंवा रिंगांवरून गॅस खाली येतोय, ज्याला गॅरेजमध्ये "बॅक मारतंय" म्हणतात.

त्यानंतर चारही स्पार्क प्लग काढा आणि काढले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. या एका कृतीतून जेवढं कळतं तेवढं दहा जणांच्या मतांतून कळत नाही. चारही टोकं फिकट तपकिरी, कोरडी असतील तर निवांत राहा. तिघं कोरडे आणि एकाच्या टोकावर काळं, ओलं, बोटाला चिकटणारं ऑइल असेल तर त्या एका सिलिंडरची भानगड आहे, सगळ्या रिंगा गेलेल्या नाहीत. चौघांचे फक्त आटे वरून ओले असतील तर ऑइल टॅपेट कव्हरमधल्या प्लग सीलमधून येतंय, जळून नाही.

वॉल्व्ह सील आणि रिंगा यांत फरक करायला धुराची वेळ बघतात. रात्रभर उभी राहिल्यावर सेल्फ मारताच निळा भपकारा येऊन थांबणं, किंवा घाट उतरून अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मागच्या गाडीला धूर दिसणं, ही बहुधा वॉल्व्ह सीलची लक्षणं. चढावर भार पडल्यावर सतत धूर म्हणजे संशय रिंगांवर. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा, आधी कोरडं, मग त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून. ऑइल टाकल्यावर आकडा ठळक वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. मात्र कॉम्प्रेशन छान असूनही ऑइल रिंग अडकलेली असू शकते, ती कॉम्प्रेशन धरतच नाही. टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनात हेच झालं होतं: पिस्टनमधली ऑइल खाली जाण्याची भोकं कार्बनने बुजत आणि ऑइल वर जळे. २००७ च्या आसपासच्या कॅमरींना अमेरिकेत वॉरंटी वाढवून पिस्टन आणि रिंगा बदलून द्याव्या लागल्या.

दोष वॉल्व्ह सीलचा निघाला तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावंच लागतं असं नाही. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन वॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि सील बदलतात. तुमच्या मेकॅनिकला हे येतं का विचारा. येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे जा.

तोपर्यंत ऑइल १०,००० ऐवजी ६,००० ते ७,००० ला बदला, कारण कमी आणि थकलेलं ऑइलच कार्बन करतं. मॅन्युअलमध्ये चालत असेल तर ०डब्ल्यू-२० वरून ५डब्ल्यू-३० अशी थोड्या घट्ट ग्रेडची एक पायरी चढायला हरकत नाही. खूपच घट्ट २०डब्ल्यू-५० टाकून खप दाबण्याचा सल्ला मात्र ऐकू नका, सकाळच्या थंड स्टार्टला ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. जुन्या इंजिनात फ्लशही नको. सुटलेला गाळ चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर चांगलं इंजिन जाईल.

आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा: डॅशबोर्डवरचा लाल ऑइलच्या बुधल्याचा दिवा लेव्हलचा नाही, दाबाचा आहे. वळणावर तो क्षणभर जरी लुकलुकला तरी ऑइल जाळीपासून बाजूला सरकून पंपाने हवा ओढलेली असते. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा, पट्टी बघा. जवळ योग्य ग्रेडचं ऑइल नसेल तर पेट्रोल पंपावर मिळेल ते चारचाकीचं इंजिन ऑइल टाका. इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतात, त्याने बिघडत नाही, नंतर बदलून घ्या.

वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तर तोंडी "नॉर्मल" घेऊ नका. ऑइल खपाची चाचणी लेखी मागा. त्यात ते पूर्ण भरून झाकण, पट्टी आणि ड्रेन बोल्ट सील करतात आणि ठरावीक किलोमीटरनंतर मोजतात. तुमचे वजनाचे तीन आकडे तारखेसह जॉबकार्डवर लिहून घ्यायला लावा.

गावाहून परत आलात की पहिला आकडा इथे टाका, आणि प्लग काढलेत तर चौघांचा एकत्र फोटो, एक नंबर टायमिंग चेनच्या बाजूचा धरून.