कविता झाली, पण बाबा त्यात नाहीत

प्रश्न: बाबा जाऊन चार महिने झाले. मी सहा कविता लिहिल्या, सगळ्यांत काळाचा घाला, पोरकेपण, अंधार हेच येतं, वाचल्यावर वाटतं हे कुणाच्याही बाबांवर चालेल. दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना, तेव्हा काका पिंडासमोर हात जोडून म्हणाले, दादा, वहिनीला आम्ही सांभाळू, काळजी करू नको. तिथे मी पहिल्यांदा रडले, पण ते कवितेत येतच नाही. काय करू?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: ताई, चार महिने म्हणजे जखम अजून ओलीच आहे, कविता जमली नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. पण खरं सांगू, सहा कवितांपेक्षा पत्रातलं काकांचं ते एक वाक्य मला जास्त लागलं, त्यात दुःख हा शब्दच नाही, धाकटा भाऊ कावळ्याशी बोलतोय एवढंच आहे. गोविंदाग्रजांची, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांची, 'राजहंस माझा निजला' ही कविता काढून बघा. मूल गेलंय हे आजूबाजूच्यांना कळलंय, आई मात्र ते झोपलंय हेच धरून बसते, आणि तिचं ते समजावणं वाचताना आपल्या पोटात कालवतं.

आणि आपल्या नाशिकचे कवी गोविंद, म्हणजे दरेकर, 'सुंदर मी होणार' वाले. पायांनी अधू, १९२६ साली गेले. ते मरणाबद्दल काय म्हणतात तर जुनी इंद्रियं झडतील आणि नवे पंख फुटतील. ज्याचे पाय साथ देत नव्हते त्याला पंख सुचले! ही कविता दुसऱ्या कुणाच्या नावावर बसेल का हो?

तुमचं मात्र मला कथेचं बीज वाटतं. कविता एखाद्या क्षणावर थांबू शकते, कथेला घाटावरचं ते वाट बघणं पूर्ण मिळतं, ऊन चढतंय, गुरुजींना पुढचं काम आहे, आणि एकेक नातेवाईक पुढे येऊन कावळ्याला काहीतरी कबूल करतोय, कोण घराचं, कोण शेताच्या वाटणीचं, कोण तुमच्या लग्नाचं, आणि एखादा नुसताच मागे उभा. कुणाचं बाबांशी काय राहून गेलं ते तिथेच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

आई तेव्हा घाटावर होती की घरी, ते तुम्ही लिहिलंच नाहीये. तिथून सुरू करा.