कॉर्क बघायचं तर पायी

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नवीन आहेस ना, मग बसचा नाद सोड आणि पायीच हिंड. मधलं शहर ली नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर आहे आणि आजचे बरेच मोठे रस्ते म्हणजे बुजवलेले नदीचे ओहोळ. सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट वळण घेत का जातो, ते त्यावरून कळतं.

साउथ मॉलवर जरा रेंगाळच. काही जुन्या घरांचा मुख्य दरवाजा पायऱ्या चढून वर आणि खाली रस्त्यालगत कमान. त्या कमानीतून पूर्वी होड्या आत जायच्या. आता तिथून ऑफिसवाले घाईने जातात, कमानीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही!

पॅट्रिक्स स्ट्रीटवरच्या कित्येक इमारती त्यामानाने नव्या आहेत. डिसेंबर 1920 मध्ये ब्रिटिश दलांनी हा भाग पेटवला, सिटी हॉलही त्यातच गेला. इंग्लिश मार्केट 1788 चं. तिथे सकाळीच जा, मासळीचे गाळे तेव्हाच बघण्यासारखे.

शँडन या उंचावरच्या भागाचा चढ दमवतो, पण सेंट अ‍ॅन्स चर्च चुकवू नकोस. मनोऱ्याच्या दोन बाजू लाल वालुकाश्माच्या, दोन पांढुरक्या चुनखडीच्या. चारही घड्याळांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. तिकीट काढून आत गेलास की घंटा स्वतः वाजवता येतात, सुरांचे कागद तिथेच असतात.

वेळ उरला तर एलिझाबेथ फोर्ट. तटावरून सेंट फिन बार्स कॅथेड्रलचे मनोरे छान दिसतात. छत्री मात्र नको, वाऱ्यात उलटते. टोपीचं जाकीट घे.